वंगणाचा प्रवास : वातचलित हत्यारांच्या देखभालीचा एक इतिहास

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र कोणी सिद्ध केले, त्याचे एकस्व कोणत्या वर्षी कोणाच्या नावे नोंदले गेले, त्याने किती दिवसांचे काम किती तासांत केले, एवढ्या गोष्टी सांगितल्या की इतिहासकाराचे समाधान होते. ते यंत्र दुसऱ्या दिवशीही चालावे म्हणून सकाळी त्यात तेल घालणारा, नळातील पाणी काढणारा, झिजलेला भाग ओळखणारा माणूस मात्र या इतिहासात क्वचितच दिसतो. संपीडित हवेवर चालणाऱ्या हत्यारांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. कारण या हत्यारांत वंगण ज्या वाटेने वाहते त्या वाटेच्या शेवटी हत्यार धरणाऱ्याचा हात असतो, आणि हत्यारातून बाहेर पडणारी हवा त्याच्याच नाकातोंडात जाते.

अशा हत्यारांच्या देखभालीचे नियम आज यंत्रशाळांच्या भिंतींवर फलक लावून टांगलेले आढळतात. टाकीतील पाणी काढावे, जोडण्यापूर्वी नळी झटकून घ्यावी, ठरलेले तेलच वापरावे, हवा बंद करून नळीतील दाब सोडल्यावाचून सांधा सोडू नये, अशा प्रकारचे हे नियम होत. ते एका दमात वाचले म्हणजे एकाच वेळी, एकाच हेतूने कोणी तज्ज्ञाने लिहून काढले असावेत असा समज होतो. वस्तुतः त्यांचे थर निरनिराळ्या काळांत साचलेले आहेत. त्यांतील बरेचसे नियम प्रथम यंत्र वाचवण्यासाठी आले; माणूस वाचवण्याचा हेतू त्यांत मागाहून शिरला. हे स्थित्यंतर केव्हा व का घडले याचे उत्तर मुख्यतः एकाच घटनेत सापडते. गाड्यावर किंवा तिकाटण्यावर बसवलेले यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उचलून माणसाच्या हातात देण्यात आले, ती ही घटना होय.

या इतिहासाचा आरंभ आल्प्स पर्वतात होतो. फ्रान्स व इटली यांना जोडणाऱ्या माँ सनी बोगद्याच्या कामास १८५७ साली प्रारंभ झाला. बोगद्याची लांबी सुमारे १२ किलोमीटर होती, आणि माथ्यावर एवढा उंच डोंगर होता की मधूनच विहिरी खणून अनेक तोंडांनी काम चालवणे अशक्य होते. काम दोन्ही टोकांकडूनच व्हावयाचे होते. वाफेवर चालणारी ड्रिल त्या सुमारास तयार झाली होती, परंतु एवढ्या लांब व बंद विवरात वाफेचे यंत्र नेले तर धुराने व उष्णतेने माणसेच गुदमरावयाची. जिनीव्हाचे पदार्थवैज्ञानिक कोलादाँ यांनी वाफेऐवजी संपीडित हवेची कल्पना मांडली होती. अभियंता झेर्मां सोमेये आणि त्यांचे सहकारी ग्रांदिस व ग्रात्तोनी यांनी ती प्रत्यक्षात आणली. बार्दोनेक्यिआ येथील तोंडाकडून १८६१ साली आणि मोदान येथील तोंडाकडून १८६३ साली यंत्राने भोके पाडण्यास सुरुवात झाली. १८७० च्या डिसेंबरात दोन्ही तोंडे मिळाली आणि पुढील वर्षीच्या सप्टेंबरात बोगदा वाहतुकीस खुला झाला. सोमेये यांना तो दिवस पाहावयास मिळाला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा मृत्यू झाला होता.

याच वर्षांत सह्याद्रीतही बोगदे खोदले जात होते, याचे स्मरण येथे अप्रस्तुत ठरू नये. बोर घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात, बहुतांशी जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली झाले. त्या मार्गावर २५ बोगदे काढण्यात आले. येथे संपीडित हवा नव्हती. पहार, घण आणि सुरुंगाची दारू हीच साधने होती, आणि काही ठिकाणी कड्यावरून दोरांनी लोंबकळत माणसांनी खडकाला भोके पाडली. काळ एकच, खडक दोन्हीकडे कठीण. परंतु एका ठिकाणी डोंगरातून कोसळणारे पाणी हवा दाबण्याच्या कामास जुंपले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी माणसांची संख्या वाढवण्यात आली. घाटातील बोगदे तुलनेने आखूड होते हे त्याचे एक कारण खरे. तथापि मजुरीचा दर हेही एक कारण असावे असे मानावयास जागा आहे.

माँ सनीच्या यंत्रणेतील एक विशेष वंगणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तेथील संपीडकांत हवा पाण्याने दाबली जात असे. उंचावरून येणारा पाण्याचा स्तंभ हवेवर आदळे व ती टाकीत कोंडली जाई. पुढे दट्ट्याचे संपीडक आले, तरी त्यांतही दट्ट्या आणि हवा यांच्यामध्ये पाणी असेच. परिणामी दाबली जाणारी हवा फारशी तापत नसे आणि तिच्यात तेल मिसळण्याचा प्रसंगच येत नसे. वातावरणाच्या सुमारे सहापट दाबाची ही थंड व ओलसर हवा नळांतून बोगद्याच्या तोंडाशी जाई, गाड्यावर बसवलेली ड्रिल चालवी आणि नंतर मोकळी होऊन कामगारांना श्वासासाठी मिळे. यंत्राचा उच्छ्वास हाच माणसाचा श्वास होता. आणि या पहिल्या अवस्थेत तो, सुरुंगाचा धूर सोडल्यास, पुष्कळसा निर्दोष होता. यंत्रांची स्थिती मात्र तशी नव्हती. प्रत्यक्ष कामावर असलेल्या ड्रिलांपेक्षा दुरुस्तीस गेलेल्या ड्रिलांची संख्या पुष्कळ अधिक असे. देखभाल म्हणजे बोगद्याबाहेरील मोठी कर्मशाळा, असाच त्या काळचा अर्थ होता. यंत्र मोडावे, बाहेर न्यावे, दुसरे आत आणावे. वापरणाऱ्यानेच ते रोज जपावे ही कल्पना तेथे अद्याप रुजलेली नव्हती.

यानंतर खोदल्या गेलेल्या सेंट गॉटहार्ड बोगद्यात (१८७२ ते १८८२) कोलादाँ यांनी दट्ट्याच्या संपीडकात पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून हवा थंड राखली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील हूसॅक बोगद्यावर चार्ल्स बर्ली यांचे ड्रिल १८६६ पासून वापरात आले, आणि १८७१ मध्ये सायमन इंगरसोल यांनी तिकाटण्यावर उभ्या राहणाऱ्या ड्रिलचे एकस्व मिळवले. या यंत्रांच्या परस्पर स्पर्धेची हकीकत सर्वत्र वाचावयास मिळते. येथे तिच्यात शिरण्याचे कारण नाही.

खरा बदल संपीडकात झाला. पाण्याच्या तुषारांनी हवा थंड राही, परंतु नळकांडी गंजत, वंगण धुऊन जाई, यंत्राचा वेग वाढवता येत नसे आणि हवेबरोबर पाणीही पुढे जाई. म्हणून हळूहळू पाणी नळकांड्याच्या आतून काढून बाहेरील आवरणात नेण्यात आले. कोरडा संपीडक अस्तित्वात आला, आणि कोरड्या धातूवर धातू घासू लागताच तेल अपरिहार्य झाले. हवेच्या वाटेवर तेलाचा प्रवेश झाला तो या क्षणी.

त्याचे परिणाम समजण्यासाठी थोडे गणित करणे इष्ट आहे. २० अंश सेल्सियस तपमानाची हवा एकाच टप्प्यात वातावरणाच्या आठपट दाबाला नेली आणि तिची उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर तिचे तपमान सुमारे २५० अंशांवर जाते. तेच काम दोन टप्प्यांत केले आणि मध्ये हवा पुन्हा थंड केली, तर प्रत्येक टप्प्याअखेर ते १२० अंशांच्या आसपास राहते. पहिल्या प्रकारच्या उष्णतेत सामान्य तेल टिकत नाही. त्याची वाफ होते, उरलेल्याची काजळी होते आणि ती बाहेर जाण्याच्या झडपेवर बसते. काजळीमुळे झडप पूर्ण मिटत नाही. मग दाबलेली तप्त हवाच मागे येऊन पुन्हा दाबली जाते आणि तपमान आणखी चढते. शेवटी काजळी पेटते आणि नळात किंवा टाकीत स्फोट होतो. अशा स्फोटांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतरही खाणींना मोठा धडा दिला. त्यातूनच संपीडकासाठी निराळे तेल असावे, ते शक्य तितके कमी घालावे, झडपा वेळोवेळी साफ कराव्यात, आणि त्या साफ करण्यासाठी रॉकेल मुळीच वापरू नये, साबणाचे पाणी वापरावे व नंतर गंज चढू नये म्हणून पुन्हा तेल द्यावे, हे नियम निघाले. अधिक तेल म्हणजे अधिक काळजी, ही सामान्य समजूत येथे उलट ठरते. तेलाचा अतिरेक हाच अपघाताचे मूळ ठरू शकतो.

स्फोट न होताही एक धोका उरतोच. काजळी धुमसत राहिली तर अर्धवट जळालेल्या तेलातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो आणि नळातून थेट कामाच्या जागी पोचतो. या वायूला वास नसतो. माँ सनीत जी हवा माणसाला तारत होती, तीच आता संपीडकाकडे दुर्लक्ष झाल्यास त्याला मारू शकत होती. संपीडक बाहेर, एका माणसाच्या ताब्यात. आणि परिणाम आत, दुसऱ्या माणसावर. देखभालीचा प्रश्न नीतीच्या प्रश्नास येथे प्रथमच स्पर्श करतो.

येथवर ड्रिल गाड्यावर, खांबावर किंवा तिकाटण्यावर होते. १८९० नंतर चित्र पालटले. चार्ल्स ब्रेडी किंग यांच्या वातचलित हातोड्यास १८९४ मध्ये एकस्व मिळाले. त्याच दशकात सेंट लुईसच्या जोझेफ बोयर यांचे रिव्हेट ठोकण्याचे हातोडे जहाजांच्या व पुलांच्या कामांवर पोचले. पाथरवटांच्या छिन्नीमागेही हवा आली. खाणींत डेन्व्हरचे जॉन जॉर्ज लेनर यांनी दट्ट्यालाच पहार जोडण्याची जुनी पद्धत सोडली. दट्ट्या निराळा ठेवून तो पहारीच्या डोक्यावर हातोड्याप्रमाणे आपटावा, अशी रचना त्यांनी केली. यामुळे यंत्र हलके झाले, आणि १९१० नंतरच्या दशकात एका माणसाने दोन्ही हातांनी धरावयाचे जॅकहॅमर सर्वत्र पसरले.

हलकेपणाची किंमत मात्र सूक्ष्मतेच्या रूपाने द्यावी लागली. छिन्नीच्या हातोड्यातील दट्ट्या मिनिटाला दोन-तीन हजार ठोके देतो, आणि त्याच्या व नळकांड्याच्या दरम्यान मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते. एवढ्या फटीत दाट ग्रीस भरून भागत नाही. तेथे तेलाचा पातळ पापुद्रा प्रत्येक ठोक्याबरोबर नव्याने यावा लागतो, कारण प्रत्येक ठोक्याबरोबर बाहेर पडणारी हवा तो वाहून नेते. म्हणून तेल हवेतच मिसळून पाठवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

मराठीतील ‘वंगण’ हा शब्द या ठिकाणी थोडा दिशाभूल करतो, हे नमूद केले पाहिजे. हा शब्द मुळात गाडीच्या आसाचा. गाडीवान वंगण घालतो ते डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, आणि पुढचा मुक्काम येईपर्यंत जागच्या जागी राहते; ते संपले की चाक करकरून सांगते. यंत्रयुगात हा शब्द जसाच्या तसा इंजिनाला व यंत्राला लावण्यात आला. व्यवहाराला त्याने अडचण झाली नाही, परंतु ‘वंगण घालणे’ या क्रियापदाने जी स्थिर वस्तू डोळ्यांपुढे येते, तिचा वातचलित हत्यारातील तेलाशी संबंध नाही. येथे तेल प्रवासी आहे. ते नळीतून येते, दट्ट्याला स्पर्श करते आणि धुक्याच्या रूपाने बाहेर पडते. आसावर चढवलेले वंगण उरले की काय ते पाहता येते. हत्यारातून जाणारे तेल पोचते आहे की नाही हे हत्याराच्या तोंडापुढे कागद धरून, त्यावर डाग उठतो का ते पाहूनच कळते. कर्मशाळेतील कामगार ‘वंगण’ न म्हणता ‘ऑइलिंग’ म्हणतो, याला भाषेचे दैन्य समजणे योग्य नाही. त्याच्यापुढील क्रियाच निराळी आहे.

प्रारंभी हे तेल हातानेच नळीच्या तोंडात किंवा हत्यारावरील भोकातून ओतले जाई. ही रीत आजही सोडलेली नाही; पाळी सुरू होताना हत्यारात तेलाचे काही थेंब टाकणे हितकरच असते. परंतु एकदा ओतलेले तेल काही मिनिटांत बाहेर फेकले जाते. सुरुवातीस अति, मग बेताचे, मग मुळीच नाही, अशी त्याची गत होते. यावर उपाय म्हणून नळीतच तेलाचे छोटे भांडे बसवून, वाहत्या हवेनेच त्यातील तेल थोडेथोडे ओढून न्यावे अशी योजना निघाली. तेलाचे धुके करणारे असे एक साधन कार्ल नॉर्ग्रेन यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले, तेही लेनर यांच्याच डेन्व्हर शहरात. या भांड्याची जागाही विचारपूर्वक ठरवावी लागते. ते हत्यारापासून फार दूर बसवले तर तेल नळीच्या भिंतींवरच थिजते आणि हत्यार कोरडे राहते.

तेलाचा शत्रू पाणी. येथेही आकड्यांनी परिस्थिती अधिक स्पष्ट होते. ३० अंश तपमानाच्या व ७० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम बाष्प असते. ती हवा आठव्या भागाएवढी दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली, तर तिच्यात ४ ग्रॅमपेक्षाही कमी बाष्प राहू शकते. उरलेल्या १७ ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला दोन घनमीटर हवा खाणारे हत्यार तासभर चालले, तर त्याच्यामागे सुमारे दोन लिटर पाणी जमते. कोकणातील पावसाळ्यात हे प्रमाण याहून अधिक असणार हे उघड आहे. हे पाणी टाकीच्या तळाच्या तोटीतून वेळोवेळी सोडले नाही, तर ते नळीतून हत्यारात जाते, तेल धुऊन काढते, गंज चढवते, आणि थंड प्रदेशांत प्रसरणामुळे गारठणाऱ्या हवेबरोबर त्याचे बर्फ होऊन बाहेरची वाटच बंद पाडते. टाकीची तोटी उघडणे हे देखभालीतील सर्वांत क्षुल्लक दिसणारे काम. न केल्यास सर्वांत महागात पडणारे कामही तेच होय.

परंतु पाणी हा सर्वस्वी शत्रू मानता येत नाही, आणि येथेच या इतिहासातील सर्वांत कठीण गाठ बसलेली आहे. लेनर यांनी पोकळ पहारीतून हवा सोडून भोकातील चुरा बाहेर काढण्याची युक्ती प्रथम योजली. भोक भराभर पडू लागले, पण खडकाच्या सूक्ष्म धुळीचे लोट खाणीत उठले आणि खाणकामगारांनी ते यंत्र नाकारले. तेव्हा १८९७ च्या सुमारास लेनर यांनी त्याच पोकळीतून हवेबरोबर पाणी सोडले. कोरडी हातोडी-ड्रिल मात्र अनेक खाणींत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली, आणि अमेरिकेतील खाणकामगारांनी त्यांना ‘विधवा करणारे यंत्र’ असे नाव ठेवले. गारेच्या खडकातील धूळ फुप्फुसांत बसून सिलिकोसिस हा असाध्य रोग होतो. त्याची परिणती सांगण्यास हे नाव पुरेसे बोलके होते. १९३० मध्ये जोहान्सबर्ग येथे या रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तोपर्यंत अनेक खाणींतील एक पिढी निघून गेली होती.

ओल्या ड्रिलमध्ये पाणी एका बारीक नळीने दट्ट्याच्या मधूनच जाते. ही नळी झिजली किंवा तिच्या टोकाचा रबर गेला, की पाणी हत्याराच्या पोटात शिरते आणि तेल धुऊन टाकते. हत्यार अडखळू लागले की त्यावरील मुकादम किंवा कामगार सोपा उपाय करतो; तो पाणी बंद करतो. हत्यार पुन्हा सुरळीत चालते आणि धूळ पुन्हा उठते. म्हणजे फुप्फुसांचे रक्षण करणारे पाणी चालू राहावयाचे, तर पाच मिनिटांत बदलता येणारी एक बारीक नळी आणि तिच्याबरोबर तेलाचा पुरवठा सुस्थितीत असला पाहिजे. यंत्राची देखभाल व माणसाची सुरक्षितता या दोन बाबी निरनिराळ्या खात्यांकडे सोपवणे किती अशास्त्रीय आहे, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको. भारतात १९६१ च्या धातुखाण विनियमांत धूळ रोखण्यासाठी ओल्या छिद्रणाची तरतूद आली. कोलारच्या सोन्याच्या खाणींत सिलिकोसिसची नोंद त्यापूर्वीच, विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात झाली होती. पाणी चालू ठेवा एवढे सांगून विनियम थांबू शकतो. ते चालू ठेवणे परवडेल असे हत्यार कामगाराच्या हाती आहे की नाही, हे मात्र भांडारातील सुट्या भागांवर अवलंबून असते.

हातांची कथा याहून निराळी आणि अधिक उशिराची आहे. थंडीत बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये केले होते, पण ते हत्यारांच्या संदर्भात नव्हे. वातचलित हत्यारे वापरणाऱ्यांत हा विकार इटलीत लोरिगा यांनी १९११ मध्ये नोंदवला. १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत पाथरवटांची पाहणी केली. थंड सकाळी त्यांची बोटे प्रेतासारखी पांढरी व बधिर होत. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हातावर हा परिणाम विशेष असे. हॅमिल्टन यांनी तीन कारणे एकत्र सांगितली : हत्यार दीर्घकाळ आवळून धरणे, त्याचे कंपन आणि थंडी. या निष्कर्षाला त्या काळी सर्वांनी मान दिला असे झाले नाही. सुमारे साठ वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच बेडफर्डमध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हाही पाथरवटांतील बहुसंख्यांना हा विकार असल्याचे आढळले. मधल्या काळात छिन्नीच्या हातोड्याने उत्पादन वाढवले, परंतु हातांचे भवितव्य पालटले नाही. ब्रिटनमध्ये हा विकार भरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आला तो १९८५ मध्ये.

उष्ण प्रदेशांत बोटे पांढरी पडण्याचे दृश्य लक्षण कमी आढळते, कारण ते थंडीने प्रकट होते. मुंग्या, बधिरता आणि पकड ढिली होणे ही मज्जातंतूंची लक्षणे मात्र राहतात. परिणामी आपल्याकडील कामगाराचा विकार डोळ्यांना दिसत नाही. ‘हाताला मुंग्या येतात’ हे वाक्य मराठीत इतके साधे आहे की दवाखान्यात ते उच्चारणाऱ्याकडे कोणी त्याचा व्यवसाय विचारीलच असे नाही.

देखभालीने हे कंपन नाहीसे होते काय? याचे उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे. छिन्नीची दांडी ज्या बुशात बसते तो बुश झिजला, छिन्नी बोथट झाली, स्प्रिंग सैल पडली किंवा हत्यार कोरडे चालले, तर कंपन वाढते आणि कामगार ते अधिक जोराने दाबतो. जोराने दाबलेल्या हत्याराचे कंपन हाताला अधिक लागते. तेव्हा झिजलेला बुश हा केवळ भांडारपालाचा विषय राहत नाही. परंतु नव्या, उत्तम तेल दिलेल्या हत्याराचेही कंपन असतेच. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात म्हणूनच वंगणाचा नव्हे, तर कालावधीचा हिशोब आहे : आठ तासांच्या कामासाठी सेकंदाच्या वर्गामागे २.५ मीटर या पातळीवर उपाययोजना सुरू करावयाची आणि ५ मीटरची मर्यादा ओलांडावयाची नाही. येथे देखभालीची सीमा येते, आणि तिच्यापलीकडे फक्त कामाचे तास उरतात. यंत्राची उत्तम काळजी घेतली म्हणजे माणसाची काळजी आपोआप घेतली गेली, हा समज कारखानदारीत पुष्कळ रूढ आहे. बेडफर्डचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

नळीविषयीचे नियम सर्वांत साधे आणि सर्वांत कमी पाळले जाणारे. दाबाखाली असलेल्या नळीचा सांधा निखळला, तर ती सापासारखी वळवळत आसपासच्या माणसांना झोडपते. म्हणून सांध्यांना पिना अथवा साखळी लावणे, छिन्नीला अडकण घालणे आणि आधी हवा बंद करून हत्यार क्षणभर चालवून नळीतील दाब मोकळा करणे, मगच सांधा सोडणे, ही पद्धत ठरली. तेलाचा येथेही संबंध आहे. हत्यारातून जाणाऱ्या तेलाने नळीचा रबर आतून फुगतो व सुटतो. त्याचे तुकडे हत्याराची झडप अडवतात. तेल सोसणारी नळीच वापरावी हा नियम त्यामुळे यंत्राचाही आहे आणि माणसाचाही. कपड्यांवरील धूळ संपीडित हवेने झटकण्याची सवय मात्र निव्वळ आत्मघातकी होय. एवढ्या दाबाची हवा जखमेतून शरीरात शिरू शकते आणि धुळीचे कण डोळ्यांत जातात. अमेरिकेत १९७० च्या व्यावसायिक सुरक्षितता कायद्यानंतर आलेल्या नियमांत साफसफाईच्या हवेचा दाब चौरस इंचास ३० पौंडांहून कमी ठेवण्याचे बंधन आले.

मोठ्या खाणींत व बोगद्यांत १९७० नंतर तेलदाबावर चालणाऱ्या ड्रिलांनी संपीडित हवेची जागा बरीचशी घेतली. रस्ते फोडणारा ब्रेकर, विहिरीतील खडकावर चालणारे जॅकहॅमर, ओतशाळेतील छिन्नी ही हातातील हत्यारे मात्र आजही हवेवर चालताना दिसतात. त्यांच्यामागे ट्रॅक्टरला जोडलेला किंवा चाकांवर उभा असलेला कॉम्प्रेसर असतो, आणि तो बहुधा स्क्रू प्रकारचा असतो. या कॉम्प्रेसरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेतच तेल सोडतात. हवा थंड ठेवण्याचे काम, जे माँ सनीत पाण्याने केले, ते आता तेल करते, आणि पुढे गाळण्यातून त्याला हवेपासून वेगळे काढावे लागते. गाळणी जुनी झाली की कॉम्प्रेसरचे तेल नळीत येते. ते पाहून हत्याराला तेल मिळतेच आहे असे समजण्याची चूक कामावर वारंवार होते. ते तेल थंड करण्यासाठी बनवलेले असते. ठोक्याखाली धातूला चिकटून राहण्याचा गुण त्यात नसतो. ज्याच्या हातात ब्रेकर आहे त्याच्या नाकाशी ते धुके पोचते, आणि दट्ट्या कोरडाच राहतो.